कोऱ्या रकान्यांवरचा अंगठा

काकूच्या छातीत गाठ आली तेव्हा मी हैदराबादला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईची अशीच गाठ नऊ वर्षांपूर्वी तिथल्या दवाखान्यात कापून काढली होती. आई खुरपत होती, भांडत होती, ठणठणीत होती. तरी काकू ऐकेना.

"तुमचं नशीब, जाऊबाई. कापल्यावर जगलेली दुसरी दाखवा, मग येते."

सुटीत घरी आलो तेव्हा आई मला म्हणाली, "एवढा शिकायलास ना? जा, इचारून ये."

गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर उघडलं. गाठ काढलेल्या प्रत्येक बाईची खुशाली त्या दरसाल पत्रानं विचारत आणि उर्दूत टिपून ठेवत. बऱ्याच नावांवर काट होती, त्या गेलेल्या. आईच्या नावापुढं नऊ रकाने कोरे.

"जवाब ही नहीं आया."

माझी मान खाली गेली. पत्रं यायची. पण बरं आहे असं लिहिलं की नजर लागते, म्हणून आजोबा ती आढ्याला खोचून ठेवायचे.

"बऱ्या झालेल्या गप्प बसतात," बाई उर्दूतच म्हणाल्या. "मग पुढचीला मी काय दाखवू?"

तरी त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. बीदरची एक बाई, अकरा वर्षं. दर रकान्यात 'जिंदा'. शेवटच्यात, 'दळण दळते.'

गावी येऊन काकूला काटही सांगितली, जिंदाही सांगितलं.

"खोटं न्हाई ना? शिकलेली लय गोड बोलत्यात."

"गोड बोलायचं असतं तर काट कशाला सांगितली असती, काकू?"

"दळती म्हन्लास?"

"दळते."

"मग चला."

आई तिला घेऊन पूर्णेहून गाडीत बसली, मीही बरोबर होतो. दवाखान्यात आईनं आधी रजिस्टर मागितलं. नऊही रकान्यांत अंगठा उमटवला आणि बाईंना म्हणाली, "लिवा, ह्या साली जावेला घेऊन आले." मी ते उर्दूत सांगितलं. पदवी हाती पडली तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती.

पुढच्या साली दोन पत्रं आली. आजोबांनी ती माझ्यापुढं टाकली. "लिही. दोघी हायती."

आईचं लिहिलं. काकूला विचारलं, "तुझं काय लिहू?"

जात्याचा खुंटा न सोडता ती म्हणाली, "दिसंना का? दळती म्हनून लिव."