किलोमीटरातले मायक्रॉन

हल्ली जो तो मीटर-किलोमीटर बोलतो. एकोणीसशे तिसाच्या सुमाराला आमच्या कोकणातल्या दिवेआगरात मीटर पाहिलेला माणूस नव्हता. वीत, हात आणि कोस यांत आमचं जग आटोपायचं. मीटर होता तो माझ्या कॉलेजच्या पुस्तकात. सुटीत घरी आलो की सुपारी सोलता सोलता ताई ते कोष्टक माझ्याकडून शिकून घ्यायची. मराठी सातवीनंतर तिची शाळा बंद केलेली. मुलगी फार शिकली की स्थळं बिचकतात, हे शास्त्र वडिलांना पक्कं ठाऊक!

एक स्थळ आलं. मुंबईच्या कॉलेजात शास्त्र शिकवणारे गृहस्थ. येताना बोटीच्या प्रवासात बोट लागून चेहरा केळीच्या पानासारखा झालेला, विद्वत्ता मात्र शाबूत. भरतकाम, स्वयंपाक सोडून त्यांनी ताईला विचारलं, "एका किलोमीटरात मायक्रॉन किती? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, बरं का." संसाराला इतका उपयोगी प्रश्न दुसरा नसेल.

"शंभर कोटी," ताई म्हणाली.

"दहा कोटी!" गृहस्थ हसले. "बायकांना शून्यं झेपत नाहीत."

"मीटरात दहा लाख," ताई खालमानेनेच म्हणाली, "आणि असे हजार मीटर..."

आई दारामागून खाकरली. वडील माझ्याकडे वळले. "काय रे, तू हेच शिकतोस ना? सांग."

मला उत्तर येत होतं. पण आधीची स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच होती, आणि मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला चूक ठरवायचं म्हणजे काय! "त्यांचंच बरोबर आहे," मी म्हणालो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लाडू बाहेर आले. पसंती तिथल्या तिथे.

स्वयंपाकघरात ताईने विचारलं, "खरंच चुकलं रे माझं?"

"हो."

"बरं झालं तू होतास. नाहीतर मी आपली वाद घालत बसले असते."

लग्नानंतर तिच्या मुंबईच्या बिऱ्हाडी गेलो. भावोजी आतल्या खोलीत पेपर वाचत होते. दारात दूधवाला. "बाई, पाहुणे आलेत, उद्या दूध किती घालू?"

"थांब हं, यांना विचारते," ताई म्हणाली. "मला मेलीला कुठलं कळतंय!"

मी समोरच बसलो होतो. चहा छान झालाय, म्हणालो.