सिम्युलेटरमध्ये पास

"पंपाचा प्रोग्रॅम सिम्युलेटरमध्ये दोनशे वेळा चालला ना? मग आता कशाला फाटे फोडताय, ताई?"

"गादीवर मीही पोहते, साहेब. पाण्यात टाकून बघा."

हेच साहेब नऊ वर्षांपूर्वी ताईच्या हाताखाली लागले, तेव्हा मल्टिमीटर उलटा धरत. कारखान्यात सलाईनमधून थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप बनत. ताई अठरा वर्षं तपासणीच्या टेबलावर. तिच्या सहीशिवाय एकही पंप खोक्यात जात नसे, म्हणून पाठीमागे सगळे तिला 'शंकासुर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. थोडं आवडतही होतं.

प्रोग्रॅम बनायचा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आणि चालायचा पंपातल्या नखाएवढ्या चिपवर. स्वयंपाक एका घरी, पंगत दुसऱ्या घरी. सकाळी कुणीतरी चिपच्या लायब्ररीऐवजी, म्हणजे तिच्यासाठीच्या तयार कोडऐवजी, कॉम्प्युटरचीच जोडून ठेवली होती. ती चूक परवडली. लगेच बोंबलते, स्क्रीन लाल करते. ही दुसरी मात्र मुकी होती. सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरमधली नकली चिप, सुरू होताना मेमरीचं प्रत्येक घर शून्य करून देई. खरी चिप असले लाड करत नाही. वीज आली की त्या घरांत वाट्टेल तो कचरा असतो, आणि वेगाचा आकडा आधी शून्य करायचं प्रोग्रॅममध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. ताईने चाळीसदा खऱ्या पंपाचं बटण दाबलं. तीनदा पंप पिसाळल्यासारखा सुटला.

"चाळिसात तीनच ना," साहेब म्हणाले. "गाडी खाली उभी आहे. हॉस्पिटलवाले खोळंबलेत."

"त्या तीन पेशंटना काय सांगू? तुमचा नंबर लागला म्हणून?"

"दुरुस्ती मागाहून पाठवू."

"एक ओळ लिहायचीय. एक. आणि खऱ्या बोर्डावर पुन्हा तपासायला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

"नाही जमणार. सही करा."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. सातव्या ओळीवर, 'प्रत्यक्ष बोर्डावर चाचणी' या शब्दांवर, पेनाने रेघ ओढलेली होती. पट्टी लावून. ताईची कानशिलं तापली. लबाडीतही काय ती टापटीप.

"ही रेघ कुणाची?"

"फॉर्म जुना होता."

"आता साहेब म्हणणं पुरे. तू ओढलीस?"

तो घड्याळ बघू लागला.

"ओढलीस तर ओढलीस. मग तिच्याशेजारी तुझं नाव लिही. माझ्या सहीआड कशाला लपतोस?"

तिने पेन पुढे धरलं. त्याने न वाजलेला फोन कानाला लावला आणि दार ढकलून निघून गेला.