फुटक्या बांगडीचा निरोप

या केसबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. आता पेन्शनीत निघालेला माणूस आहे, वरिष्ठांचा धाक उरलेला नाही, म्हणून लिहितो.

कुलाबा जिल्ह्यात समुद्रकाठच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. मिठाच्या सत्याग्रहानंतरचे ते दिवस. वरून रोज नवा हुकूम यायचा: जमाव होऊ देऊ नका, परका माणूस दिसला की हटका. त्याच सुमारास आसपासच्या गावांतल्या प्रतिष्ठितांनी ठरवले की गावात हिजडे नकोत. थारा देईल तो वाळीत. मग आम्हीही हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. खोटे कशाला बोलू, मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

एका सकाळी खबर आली. कोळणींच्या टोपल्यांतून चिंधीत बांधलेले हिरव्या बांगडीचे तुकडे गावोगाव जातात आणि ज्या हिजड्याच्या हाती तुकडा पडतो, तो असेल तिथून उठून चालू लागतो. फुटकी काच कुणी कुणाला प्रेमाने धाडत नाही. चळवळवाल्यांचीच ही खूण, असे मी धरून चाललो. दुपारपर्यंत खाडीच्या तरीवर, होडीत चढताना, चौघांना धरले. चौघांकडे एकेक तुकडा निघाला.

त्यांच्यात एक वयस्क होती. बाकीच्या तिला गुरुमाय म्हणत.

“कुठे निघालास?” मी दरडावले.

“सायब, आज आमाला जाऊ द्या. परवा आमी आपले पायानं येताव. मंग काय ती सजा द्या.”

“कुठे, ते सांग.”

“ता न्हाय सांगनार.”

जमादाराने दम दिला. मी हात उगारला नाही असे म्हणणार नाही. चोर असला तर खोटे का होईना, काहीतरी सांगतो. या खोटेही बोलेनात. दुसऱ्याला पाठीशी घालणारा माणूस असा गप्प बसतो, हे मला कळायला हवे होते. चौघींना कोठडीत टाकले. गुरुमाय गजांना धरून उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कोसांवरच्या कोळीवाड्यातून पाटलाची वर्दी आली: सुकट वाळवायच्या जागेमागच्या झोपडीत बेवारस प्रेत. मी गेलो, पंच बोलावले, पंचनामा केला. लुगडे नेसलेला, हाडांचा सापळा झालेला एक हिजडा. हातात पिवळ्या ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या. पाण्याचा तांब्या हात पोहोचणार नाही इतका लांब. दार उघडे आणि तोंड दाराकडे. गावातले कुणी हात लावीना, तेव्हा प्रेत बैलगाडीत घातले आणि वाळूत पुरून टाकले. वारसाच्या जागी मी लिहिले: नाही.

दुपारी ठाण्यात येऊन कागद टेबलावर ठेवले. शेजारी जप्त केलेले तुकडे होते. तीच हिरवी काच, तोच पिवळा ठिपका.

कोठडी उघडली. गुरुमायने माझ्या बुटांवरची वाळू पाहिली.

“गेली?”

मी मान डोलावली.

“आमाला घरच्यांनी टाकलाय, सायब. खांद्याला कुनी न्हाय. म्हनून आमी येकमेकींना बांधून घेतलाय. जी खचली ती आपली बांगरी फोरते न् तुकरे धारते. चार तुकरे, चार खांदे. जिती असंस्तवर तोंडात पानी घालायचा, मंग उचलायची.”

“मग काल का नाही सांगितलं?”

“सांगितला असता तर तुमी तिला झोपरीतना बाहेर काढली असती. न् आसरा दिला ती कोलीन वालीत परली असती.” तिने पुन्हा माझ्या बुटांकडे पाहिले. “खांदा कुनी दिला तिला?”

“गाडीनं नेलं,” मी म्हणालो. ती मटकन खाली बसली. बाकीच्या तिघींनी हंबरडा फोडला.

गुन्हा नव्हताच. सोडताना त्यांनी फक्त ते तुकडे मागितले. मुद्देमाल परत करायचा तर पावती हवी, आणि पावतीवर नाते.

“मयताच्या तुम्ही कोण?” मी विचारले. ‘तुम्ही’ हा शब्द माझ्या तोंडून त्यांच्यासाठी तेव्हा पहिल्यांदा निघाला.

“भयनी लिवा.”

मी लिहिले. खाली चार अंगठे उठले.

पुढे साहेबांनी खुलासा मागवला. एक कागद म्हणतो वारस नाही, दुसऱ्यावर चार बहिणींचे अंगठे, खोटा कोणता? पहिला, असे मी लेखी कळवले. बढती लांबली, त्याचे दुःख नाही. त्या चौकशीत मी कितीदा तरी ‘कुठे’ विचारले, ‘कुणाकडे’ एकदाही विचारले नाही, याचे आहे. त्यानंतर कोठडीत कुणालाही घालण्याआधी मी विचारत असे, तुझी वाट कोण पाहतंय?

पण सहीचा पंचनामा खोडता येत नाही. तो शब्द दप्तरात अजून तसाच असेल. मी तो लिहिला तेव्हा तिचे चारही वारस माझ्या कोठडीत होते, आणि चावी माझ्या कमरेला होती.