फ्लॉपीतली दुसरी प्रत

माझी मैत्रीण अलका गेल्याचं तिच्या नवऱ्याने, श्रीकांत भावोजींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. सून बघतच राहिली. तिला काय सांगणार... हातातलं काम अर्धवट टाकलेलं अलकाला कधी खपायचं नाही. आता दीडेक महिना झाला. लिहायला बसलेय, पण रडगाणं गाणार नाही. आमच्या अलकाचं मला कौतुकच सांगायचंय.

ऐंशीच्या दशकाची अखेर. ठाण्याजवळ कोलशेतला एका गाळ्यात आमची इवलीशी कंपनी होती. अलका तिथली एकुलती एक इंजिनीअर, डोंबिवलीची. मी दिवा गावाहून येणारी टायपिस्ट. डोंबिवलीच्या एका कापड रंगवायच्या कारखान्याचं काम मिळेल असं दिसत होतं, आणि ते हुकलं असतं तर गाळ्याला कुलूपच लागायचं होतं. त्यांच्या शेकडो रंगछटा, प्रत्येकीची कृती चार-पाच ओळींची. त्या सगळ्या एकाच फ्लॉपीवर हव्या होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क नव्हती, आणि रंगाने बरबटलेल्या हातांनी फ्लॉप्या बदलत कोण बसणार!

फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटातली पातळ चकती. तिच्यावर ठरावीक मापाच्या खोल्या आखलेल्या; नेहमीच्या पद्धतीत चार ओळींची कृती ठेवली तरी ती एक अख्खी खोली अडवून बसायची. शिवाय कुठली कृती कुठे आहे याची अनुक्रमणिका चकतीच्या कडेला. दर वेळी वाचणारा दांडा कर्र कर्र करत कडेपर्यंत जायचा आणि परत यायचा. अलका कान देऊन ऐकायची. "ऐकलंस? नुसती पायपीट चाललीय बिचाऱ्याची!" मग या बाईने सगळी पद्धतच नव्याने रचली. अनुक्रमणिका मधोमध आणली, लहान कृती एकेका खोलीत दाटीवाटीने बसवल्या, आम्ही दिव्याला राहत होतो तशा. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा कर्र कर्र जाऊन हलकी टिकटिक तेवढी उरली. अलकाने भर ऑफिसात मला मिठी मारली.

तरी थोडी जागा कमी पडत होती. अलकाने अनुक्रमणिकेची दुसरी प्रत चकतीच्या टोकाला ठेवली होती, तिच्यावर आमच्या साहेबांचा डोळा गेला.

"ती काढून टाक, जागाच जागा होईल."

"आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर?"

"लाइट जाईल कशाला?"

डोंबिवलीत! हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. अलका मात्र हसली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब, हिच्या घरी जाऊन बघा. एक भरलेला हंडा कायम झाकून बाजूला असतो. जागा अडवतो म्हणून ही तो ओतून देते का?" साहेब चिडले. "काम गेलं तर जबाबदार तू," म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "बरं." मग रंगांची लांबलचक नावं प्रत्येक कृतीत पुन्हा पुन्हा येत होती, ती तिने एकदाच लिहून कृतींत नुसते क्रमांक घातले. तेवढ्याने जागा झाली. दुसरी प्रत जिथल्या तिथे राहिली.

कारखान्यात दाखवायचा दिवस आला. मालक, रंगकाम बघणारे डाइंग मास्टर, सगळे भोवती उभे. मी नवी छटा टाइप केली, ड्राइव्हचा दिवा लागला, आणि अलका मला म्हणाली, "आता मेन स्विच बंद कर."

"अगं, वेडी झालीस का?"

"कर गं. मी आहे ना."

केला. पडदा काळा झाला, साहेब पांढरेफटक. पुन्हा सुरू केलं... मधली अनुक्रमणिका फाटली होती, कॉम्प्युटरने टोकाची उचलली, आणि जुन्या सगळ्या छटा पडद्यावर हजर! आत्ताची अर्धवट तेवढी गेली होती. मास्टर जवळच्याच गावचे आगरी. ते पुढे झाले. "थांब बाय, आता मी बंद करतू." त्यांनीही केलं. पुन्हा सगळं जागच्या जागी. काम आम्हाला मिळालं, गाळा चालू राहिला. पुढे साहेब ज्याला-त्याला सांगत, दुसरी प्रत ठेवायचा आग्रह त्यांचाच. अलका शेजारी बसून शांतपणे डबा खायची. मी मात्र तेव्हाही सगळ्यांना खरं सांगत होते, आजही सांगतेय.

परवा डोंबिवलीला भावोजींकडे गेले होते. "चहा टपरीवरून आणतो," ते म्हणाले. "साखर संपलीय. आणायचं सुचतच नाही हो..." मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर साखरेचा डबा खडखडीत रिकामा. स्टूल ओढलं, चढले आणि सगळ्यात वरच्या फळीच्या पार टोकाला हात घातला.

"तिथे काही नाही," भावोजी खालून म्हणाले.

डबा हाताला जड लागला. झाकण उघडून त्यांच्यापुढे धरला. काठोकाठ साखर. मग स्वतःच पातेलं काढून त्यांनी आधण ठेवलं. त्या दिवशी दोघांच्याही चहात साखर जरा जास्तच पडली.