रविवारी दहाचं पाणी

वर्षभर दर रविवारी सकाळी दहा वाजता मी बांधावर असे. दहा म्हणजे दहा. चुलतबहिणीच्या हळदीतून उठून, तोंडाला लागलेल्या हळदीसकट मी गेले होते. तापात गेले होते. बायका म्हणायच्या, हिला विहिरीचं खूळ लागलंय. लागलंच होतं. पीएचडीला प्रवेश घेताना मी विद्यापीठात छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या गावचं पाणी खारट का होतंय ते मी शोधून काढीन.

आमचं गाव नायगावच्या खाडीला लागून आहे. खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा बांध, आणि बांधात एक उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला ते उघडायचं, आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत बंद करायचं, नाहीतर खारं पाणी शेतात. हे काम आमच्याकडे माझ्या बाबानं तीस वर्षं केलं. पुढे त्याचे गुडघे गेले, शेत खारावलं, आणि आता आमच्या घरून दिसतात ते टॉवर. एकामागे एक, मोजायचा कंटाळा येईल इतके.

माझ्याकडे खारटपणा मोजायचं पेनासारखं एक यंत्र होतं. तीन विहिरी आणि शेतातून जाणाऱ्या नाल्यातल्या तीन जागा, अशा सहा ठिकाणी ते बुडवायचं आणि आकडा वहीत टिपायचा. बाकीचे दिवस मी गोखिवऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायचे, म्हणून रविवार. आणि वेळ नेमकी एकच, कारण शास्त्रात शिस्त लागते असं मीच पोरांना शिकवत होते.

आकडे गमतीदार आले. एका रविवारी खारट, पुढच्या रविवारी कमी, पुन्हा खारट. मी कारण शोधलं आणि मला ते सापडलंसुद्धा. टॉवरच्या बोअरवेलमधून टँकर भरले जात, आणि जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की खाडीचं खारं त्या जागी ओढलं जातं. वॉचमनला विचारून मी टँकरचे आठवडे लिहिले, खारट रविवारांशी जुळवले. थोडं इकडे, थोडं तिकडे केलं की छान जुळत होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. गावातले लोक तर त्याहून खूश, कारण टॉवरवर सगळ्यांचा राग होताच. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त माझा होता.

संशोधन समितीपुढे मांडणी करायला दोन आठवडे राहिले असताना मी आलेखाचे कागद ओटीवर पसरून बसले होते. बाबा काठी टेकत आला, खाली वाकला आणि खालच्या रेघेवर काय लिहिलंय ते विचारलं. मी म्हटलं, तारखा. तो म्हणाला, तारखा नकोत, तिथी सांग. मी वैतागून भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. तो एकेक रविवार बोटानं दाबत गेला. आलेख जिथे जिथे वर चढला होता तिथे तिथे जवळपास अमावास्या नाहीतर पौर्णिमा होती. जिथे पडला होता तिथे अष्टमीच्या आगेमागे.

"पानी काय तुज्या घड्याळावर येतं, बाय?" तो म्हणाला. "एका रविवारी दहाला भरती चढत असते, दुसऱ्या रविवारी उतरत असते. तू टँकर नाय मोजलास. भरती मोजलीस."

मी त्याच्यावर चिडले. विद्यापीठातलं त्याला काय कळतं, असं काहीतरी बोलले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघून स्वतःलाच शिवी हासडली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. अष्टमीची पाऊणपट सहा. लहानपणी बाबाचा डबा घेऊन उघाडीवर जायचं तर तिथी विचारूनच निघावं लागे. खाडीकाठच्या बाईनं वर्षभर पाणी मोजलं आणि भरती विसरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी बावन्न वेळा घातला होता. लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत वाटली.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या वाईट नाहीत. त्यांनी सुचवलं की प्रबंधात शेवटी मर्यादा म्हणून दोन ओळी टाकू, सगळेच टाकतात. मुदतवाढ एकदाच मिळते आणि पुन्हा वर्ष घालवून हाती काय लागेल याची खात्री नाही. त्यांचं बरोबर होतं. पण त्या दोन ओळींच्या वर माझा आलेख तसाच राहिला असता, आणि गावानं तो घेऊन मोर्चा काढला असता. मी म्हटलं, मॅडम, मी पुन्हा मोजणार. समितीपुढे उभी राहून मी पहिलं वर्ष स्वतःच्या हातानं रद्द केलं. एक सर हसले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनी हसू आवरलं. वर्षभराची मुदत मिळाली, यापुढे मिळणार नाही असं बजावून.

मग मी घड्याळ सोडलं आणि कॅलेंडर धरलं. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, दुपारी बाराच्या आसपास भरती, संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. भांगाच्या दिवशी, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी चढतं तेव्हा, सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. प्रत्येक वेळी सहाच्या सहा जागा. कॉलेजात तास बदलून घेताना मी कारण म्हणून अष्टमी सांगायचे. सहकाऱ्यांना वाटलं मी उपास धरलेत, आणि एकीनं तर मला साबुदाण्याची खिचडी आणून दिली. मी ती खाल्ली. भर उन्हात चिखल तुडवताना कितीदा वाटलं, की सोडावं. सोडलं नाही.

बाबा बांधावर दगडावर बसून असायचा. मी यंत्र बुडवायच्या आधी तो बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा: गोड, मचूळ, खारट. गटाराचं पाणी येतंय त्यात, असं मी ओरडायचे. तो ऐकायचा नाही आणि चुकायचाही नाही. पावसाळ्यानंतर मात्र त्यानं यायचं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाला.

वर्ष भरलं तेव्हा आकड्यांत गोंधळ नव्हता. टँकरच्या आठवड्यांचा काही संबंध दिसला नाही. टॉवरजवळची विहीर सगळ्यांत कमी खारट होती. खारटपणा दर भरतीला एकाच जागेपासून सुरू होऊन नाल्यातून आत सरकत होता, आणि ती जागा होती उघाडी. पुढच्या पौर्णिमेला बाराच्या आधी मी तिथे उतरले. बंद दाराच्या खालच्या तीन फळ्या कुजून गेल्या होत्या. खाडीचं पाणी सरळ आत येत होतं.

घरी येऊन मी बाबाजवळ बसले. दार जुनं होतं, कधी कुजलं कोणाला माहीत, तसंच लिहीन, असं मी त्याला सांगितलं. तो कॅलेंडरकडे बघत होता.

"पाच वरसं झाली," तो म्हणाला. "फळ्या गेल्यात ते मना ठाव होतं. खाली उतरवत नव्हतं, पन दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नाय. लोक टॉवरला शिव्या देत व्हते, मी पन दिल्या. तसंच लिव."

मला एकदम त्या दिवशीची ओटी आठवली, कॅलेंडरवर दाबलेलं त्याचं बोट. विचारलं, "मग तिथी कशाला विचारलीस? आकडे कुठे येऊन थांबतील ते तुला तेव्हाच माहीत होतं ना?"

"व्हतं ना," तो म्हणाला. "पन तू दर रविवारी जात व्हतीस गो. खोट्या टायमाला."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रबंधातला तो परिच्छेद लिहायला बसले. उघाडीच्या फळ्या पाच वर्षांपूर्वी कुजल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत, आणि ही माहिती उघाडी राखणाऱ्यानं स्वतः दिली. बाबाला वाचून दाखवलं. एकही शब्द सौम्य केला नाही, आणि त्यानंही करायला सांगितला नाही. चष्मा लावून तो फक्त म्हणाला, आता नव्या फळ्या कवा घालायच्या ते बघू, आणि कॅलेंडरमधे पुढची अष्टमी शोधायला लागला.