भिंतीपलीकडची शुगर

“एकशे बावन्न. आन रात्री म्या भाताला शिवलो न्हवतो, आदीच सांगून ठेवतो.”

भिंतीपलीकडून हे आलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. मी आमच्या न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसून, नळ सोडून, डाव्या हाताच्या मधल्या बोटातून रक्ताचा थेंब काढत होते. नळ अशासाठी, की मीटरची पीं शेजारी जाऊ नये. माझी एकशे सव्वीस आली. ती मी कुणालाच सांगितली नाही. नानांची एकशे बावन्न मात्र आधी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना कळली, मग दूधवाल्याला, मग समोरच्या गिरणीवाल्याला, आणि सात वाजेपर्यंत ती भोरच्या एसटी स्टँडवर जाऊन चहा पीत बसली होती.

स्वतःच्या रक्ताचा इतका अभिमान असलेला माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत दुसरा नसेल. नाना म्हणजे आमचे शेजारी. सारी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, थोडी हिर्डोशीच्या गाडीवर, थोडी वेल्ह्याच्या. निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांना मधुमेह निघाला. दुसरा एखादा खचला असता. नानांना नवीन ड्यूटी लागल्यासारखं झालं. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा तपासा असं सांगितलं होतं. नानांनी ते दिवसातून दोनदा असं ऐकलं आणि पाहुणे आले तर तिसऱ्यांदा. मीटर, पट्ट्या आणि सुया त्यांनी जुन्या चामडी पिशवीत ठेवल्या आणि ती पिशवी पुन्हा खांद्याला लावली. तीस वर्षांच्या सवयीने तो खांदा जरा खालीच राहिला होता, तो आता शोभून दिसू लागला.

मी हे प्रेमाने लिहिते आहे. पण खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी नानांवर जेवढी जळले, तेवढी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीवरही कधी जळले नव्हते. कारण मधुमेहात मी त्यांना अकरा वर्षं सीनियर होते. मला तो बाराव्या वर्षी झाला, इंजेक्शनांचा. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, चार वेळा सुई घ्यायची. आणि हे आई, बाबा, मी आणि पुण्याचे डॉक्टर सोडले तर कुणालाही माहीत नव्हतं. “मुलीची जात आहे, उद्या स्थळं यायची आहेत,” असं आई तेव्हाच म्हणाली होती, मी सातवीत असताना. माझा मीटर शाळेच्या कंपासपेटीत राहिला. इन्शुलिन फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात, लोण्याच्या वाटीमागे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी पुढे पुण्याला गेल्या, मी घरी बसून लॅपटॉपवर काम करू लागले. मुळात कमी बोलायची, त्यात एक गोष्ट कायमची न बोलायची होती. आणि इकडे भिंतीपलीकडे एक माणूस तोच आजार लाउडस्पीकर लावल्यासारखा साजरा करत होता.

नानांचा दरबार स्टँडवरच्या चहाच्या टपरीपाशी भरायचा. निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, एक माजी कंट्रोलर, असे सहा-सात जण. नाना पट्टी मीटरमध्ये सरकवायचे, थेंब लावायचे, आणि पाच सेकंदांत प्रत्येकाने आकडा सांगायचा. “एकशे ऐंशी.” “न्हाई, आज पावणेदोनशे.” “त्वांड बघा की ह्येचं, दोनशेच्या खाली न्हाई.” जो जवळ जाईल त्याने दुसऱ्या दिवशी नानांनी काय खाऊन तपासायचं ते ठरवायचं. अशा रीतीने नानांनी दोन वर्षांत नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात, जांभळं, उकडलेली रताळी आणि एकदा भावजयीच्या हातची पुरणपोळी यांचा अभ्यास पुरा केला. माझ्याही डोक्यात हे सगळे आकडे होते. जांभळांनी शुगर लगेच उतरते, हे नाना चुकीचं सांगत होते. पण मी भाजीची पिशवी घेऊन टपरीवरून मुकाट्याने पुढे जायची. मला मराठीत एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक अजूनही मनात इंग्रजी करून बघावा लागतो. नानांच्या तोंडून ते आकडे गाडीच्या थांब्यांसारखे भराभर पडायचे, आणि त्याचाही मला हेवा वाटायचा.

आपलंच बोट टोचून त्यांचं भागत नसे. कुणीही घरी आलं की चहाच्या आधी पिशवी उघडायची. पण शिस्त कडक. प्रत्येकाला नवी सुई. “एका तिकिटावर दोन मानसं बसत न्हाईत,” असं म्हणून वापरलेली सुई ते प्लास्टिकच्या बाटलीत टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचे. एकदा हिर्डोशीच्या वरच्या वाडीतला एक मेंढपाळ त्यांच्याकडे आला. जुना प्रवासी, सत्तरीचा, अंगाने काटक. त्याची जेवल्यावर चौऱ्याण्णव आली. नानांचा विश्वास बसेना. त्यांनी दुसरं बोट टोचलं. एक्क्याण्णव. मग मीटर बिघडला म्हणून स्वतःची पाहिली, तर नेहमीची एकशे ऐंशी. नाना मीटर पिशवीत ठेवत म्हणाले, “मिटरात बिघाड न्हाई. ह्या मानसातच कायतरी बिघाड हाय.” म्हातारा म्हणाला, “डोंगर चडा की. ह्या पिशवीनं काय व्हतंय?” त्यानंतर चार दिवस नाना रुसल्यासारखे होते. त्या चार दिवसांत मला ते फार आवडले. दुसऱ्याचा आकडा बघून पोटात कसं दुखतं ते त्यांना कळलं, असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी ते वेल्ह्याच्या गाडीत बसले आणि नसरापूर, मग मार्गासनी, मग वेल्हे असं प्रत्येक ठिकाणी तपासत गेले. शुगर उतरत गेली. सकाळी गोळी घेतली होती आणि न्याहारी राहिली होती, हे त्यांनी हिशेबात घेतलं नाही. परत येऊन त्यांनी जाहीर केलं, की खड्ड्यांनी शुगर उतरते आणि रस्ता दुरुस्त करणारे लोकांच्या जिवावर उठले आहेत.

त्या न्याहारी न करण्याचाच परिणाम पुढे एकदा झाला. नानांची शुगर अडुसष्टवर गेली. त्यांना दरदरून घाम फुटला, आणि काकूंनी ओटीवरून हाक मारताच आमची सगळी गल्ली धावली. कुणी साखर आणली, कुणी गूळ, कुणी पेढे, गिरणीवाल्याने तर अख्खी उसाची कांडकी आणली. दहा मिनिटांत नाना बरे झाले, पण अर्धा तास लोडाला टेकून बसून राहिले, नवरदेवासारखे. “अडुसष्ट,” ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “वाचलो म्हना.” त्याच आठवड्यात एका दुपारी माझी चोपन्न झाली. मी न्हाणीघरात बादलीवर बसून, नळ सोडून, मुठीतली साखर खाल्ली. हात थरथरत होते, साखर अर्धी फरशीवर सांडली. मुंग्या येतील म्हणून नंतर ती मीच पुसली. अडुसष्टला गल्ली धावते आणि चोपन्नला कुणी नाही, असा हिशेब मी त्या दिवशी मनात मांडला आणि तो बरेच दिवस पुसला नाही.

वरून नाना मला शिकवायचे. “हे बग बाळ, बोट मदोमद न्हाई टोचायचं. कडंला टोचायचं. मदी दुकतं.” मी मान डोलवायची. “तुला काय करायचं म्हना. तुजं वय न्हाई ह्ये कळायचं.” माझ्या पाठीमागे धरलेल्या बोटांना तेरा वर्षांपासून ते कळत होतं.

मग सारोळ्याचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं साधी, शेती नीरेच्या काठाला. फोनवर बोलून मुलगा मला बरा वाटला होता. मी आईला विचारलं, “त्यांना सांगायचं ना?” आई म्हणाली, “बघून तर जाऊ देत.” मी म्हटलं, “आणि मग?” “सुपारी फुटू दे.” “आणि मग?” आईने पातेलं जरा जोरात खाली ठेवलं आणि म्हणाली, “सगळं एकदम बोलायचं नसतं.” म्हणजे मी एका परक्या घरात जाऊन तिथलं न्हाणीघर शोधायचं, तिथला नळ सोडायचा आणि पुढची सगळी वर्षं तसंच बसायचं. हे मला दिसत होतं. पण एवढी वर्षं तोंड मिटून ठेवलं की ते आपोआप मिटलेलंच राहतं.

बाबा म्हणाले, “नानांना बोलवावं लागेल.” आई म्हणाली, “कशाला?” बाबा म्हणाले, “नाही बोलावलं तरी ते येतीलच.”

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. आईने घावन केले होते आणि सोबत उसाच्या रसाची गोड काकवी, कारण मुलाच्या वडिलांना ती फार आवडते असं मध्यस्थाने कळवलं होतं. त्यांनी ती खरोखर मनापासून खाल्ली, पाची बोटं बुडवून. बाकीच्यांचं व्हायचं होतं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय पाहुण्याने हात धुवायला उठायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून त्यांनी बोटं चाटली आणि रुमालाला पुसली. नानांना मात्र एवढा वेळ दम निघेना. त्यांनी पिशवी पुढे ओढली.

“पावनं, शुगर कदी बगितली का?”

“आपल्याला काय न्हाई त्यातलं,” मुलाचे वडील म्हणाले.

“मीबी आसंच म्हनत व्हतो. द्या बोट.”

नवी सुई, नवी पट्टी. पाच सेकंद. नाना मीटरकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी आकडा ओरडून सांगितला नाही. हळूच म्हणाले, “चारशे एकतीस.”

मुलाच्या आईच्या हातातला घावन ताटात पडला. “आवं, मी म्हनत व्हते ना, तुमाला लई तहान लागती. ऐकलं का कदी माजं?” मुलगा उठून गाडीची किल्ली शोधू लागला. बाबा दवाखान्याला फोन लावू लागले. मुलाचे वडील, जे मिनिटापूर्वी ठणठणीत होते, ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, “मला गरगरतंय जरा.” आई माझ्याकडे बघतच नव्हती.

मला समजलं होतं. सातवीत असताना आंबा खाऊन बोट टोचलं आणि चारशे आली म्हणून मी रडले होते. बोटाला गोड चिकटलेलं असलं की मीटर माणसाची शुगर मोजत नाही, आंब्याची मोजतो. इथे काकवीची मोजली होती. मी आत गेले, तांब्या, साबण आणि पातेलं आणलं, आणि त्या गृहस्थांपुढे ठेवलं. त्यांचा हात धरून पातेल्यावर नेला. त्यांनी गरगरत्या माणसाच्या आज्ञाधारकपणाने साबण लावून हात धुतला. मी कोरडा टॉवेल दिला, मग नानांकडे बघून मान हलवली. नानांनी दुसरं बोट टोचलं.

“एकशे एकोनचाळीस.”

मुलाच्या वडिलांचं गरगरणं तिथल्या तिथे थांबलं. सगळे एकदम हसायला लागले. मुलाची आई पदराने डोळे पुसत माझ्याकडे वळली. “आगं बाई. पोरीला कसं कळलं गं?”

मी अजून टॉवेल धरून उभी होते, नानांच्या अगदी समोर. त्यांची नजर माझ्या हातावर होती. दोन वर्षांत त्यांनी निम्म्या भोरची बोटं बघितली होती. बोटांच्या कडेला असलेले ते बारीक काळे ठिपके कशाचे असतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. माझी दहाही बोटं भरलेली होती. त्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्या आईच्या, आणि नजर खाली घालून पिशवीचा पट्टा उगाच नीट करत म्हणाले, “म्याच शिकवलंय तिला. शेजारीच ऱ्हाती. रोज बगती ना.”

नाना आता त्यांच्या स्वतःच्या मुलाकडे चिंचवडला असतात. सकाळी सहाला भिंत गप्प असते, आणि तो दिवस आठवला की मला आधी त्यांची ती खाली गेलेली नजर आठवते. ज्या माणसाने स्वतःचा एक आकडा कधी पोटात ठेवला नाही, त्याने माझी तेरा वर्षं एका दमात पोटात घातली होती. त्या दिवशी मी गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. मुलाची आई कौतुकाने नानांकडे बघत होती. “लई गुनाचं मानूस तुमी, नाना,” ती म्हणत होती. नाना लाजत होते. आई घाईघाईने घावन वाढायला लागली होती. आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखणं उठलं: हेही यांचंच. एवढं एकच तर माझं होतं, आणि तेही आता नानांच्या नावावर चढत होतं.

“नानांनी नाही शिकवलं,” मी म्हणाले. “मला बाराव्या वर्षापासून मधुमेह आहे. तेव्हा नाना अजून तिकिटं फाडत होते.”