एका फोनवरची दोन माणसं

कशेळ्याचा सखा कोणापुढे मान खाली घालणारा नव्हता. कॉलेज अर्ध्यात सुटलेलं, संगणक स्वतःच शिकलेला. मोठ्या कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं, तसा त्याने गावातच प्रोग्रॅम लिहायचा धंदा मांडला. पण एक काम त्याने फार शहाणपणाचं केलं, हे त्याच्यासारखीच प्रोग्रॅम लिहिणारी निशिगंधा आजही म्हणते. ते म्हणजे रविवारची बैठक.

कर्जतच्या बंद भातगिरणीच्या माळ्यावर शेलूपासून रसायनीपर्यंतची प्रोग्रॅम लिहिणारी पोरं-पोरी जमायची. गिऱ्हाइकाला देण्याआधी आपलं काम प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचं, आणि वाचायचं दुसऱ्या गावच्या माणसाने. चूक सापडली की लिहिणाऱ्याने सगळ्यांना वडे खिलवायचे. सखाच्या चुका सर्वात जास्त काढल्या निशिगंधाने. तिचं आजोळ डोंगरातल्या वाडीला, त्यामुळे तिकडची माणसं तिला आतून ठाऊक. "निशे, तुज्यापायी मी वडेवाला पोसतोय गं," म्हणत तो स्वतः गरम पुडा घेऊन जिना चढायचा.

मग बैठकीतल्याच स्वप्नीलने घाण केली. भिंतीवर पाहिलेलं शेलूच्या हर्षदचं काम वरवर रंगवून त्याने एका कारखान्याला विकलं. सखाने त्याला जिन्यावरून खाली काढलं. तिथवर ठीक होतं. पण रागाच्या भरात त्याने माळ्यालाच कुलूप ठोकलं. निशिगंधा त्याच्याशी भांडली, चोर एक निघाला तर शिक्षा सगळ्यांना का, म्हणून.

"माजं काम आता कोनाला दावनार नाय," सखा म्हणाला.

किल्ली त्याच्याकडे होती. जो तो आपल्या खोलीत एकटा लिहू लागला.

त्याच सुमारास सखाने मनापासूनचं काम हाती घेतलं. डोंगरातल्या वाड्यांवरून डायलिसिसला जाणाऱ्यांसाठी फुकट जीप. फोन करायचा, प्रोग्रॅम जागा धरणार. जीपवाले कुरकुरले, लोक एकाच खेपेला दोनदा नाव लावतात आणि जागा रिकामी जाते. सखाने एक ओळ घातली. एकाच नंबरावरून दुसरी नोंद आली, तर ती पहिलीच समजून गाळायची.

अशाच एका वाडीत फोन एकच, साईनाथचा. रेंज येते त्या टेकाडावर चढून सगळ्यांची नावं तोच लावायचा. त्याने आधी आपल्या बापाचं लावलं, मग शेजारच्या जनीचं. दोन्ही वेळा उत्तर आलं, नोंद झाली. जीप आली ती बापाला घेऊन गेली. ड्रायव्हरकडे जनीचं नावच नव्हतं, आणि गाडी भरलेली. पुढच्या खेपेलाही तेच. भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती फाट्यावर बसून राहिली आणि उन्हं चढल्यावर पायी घरी गेली. तिसरी जीप यायच्या आधीच अंग सुजून, श्वास कोंडून ती मेली.

जनीचे दिवस झाल्यावर सखा लॅपटॉप घेऊन निशिगंधाच्या दारात आला. वाच, एवढंच म्हणाला. वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

"सखादादा, तिथं अख्ख्या वाडीचा फोन एकच असतो."

"ठाव हाय मला. लिवताना जीपवाले डोळ्यापुढं होते. वाडी दिसलीच नाय."

"ही ओळ भिंतीवर असती, तर मी दारातूनच पकडली असती रं."

हे बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासाही वाटला नाही.

त्या रविवारी सखाने कुलूप उघडलं. निरोप सगळ्यांना धाडला होता, स्वप्नीललाही. आली मोजकीच. बाकीचे बेंगळूर-पुण्याला पांगलेले. स्वप्नील जिन्यातच उभा राहिला. सखाने ती ओळ भिंतीवर लावली, जनीचं नाव सांगितलं, आणि वड्यांचा पुडा मधोमध ठेवला.

"चूक निशीनं काढली," तो म्हणाला. "घ्या."

कोणाचाच हात पुढे गेला नाही. कागदावर तेल पसरत गेलं. बऱ्याच वेळाने हर्षदने आपला लॅपटॉप उघडला, जिन्याकडे एकदा पाहिलं, आणि तरीही तो निशिगंधापुढे सरकवला. तिने डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सखा वड्यांकडे पाहत ऐकत होता.